मोर्शीवरून नारायनगंजले कसं यावं

नारायनगंज, मुलूख बंगाला
ता. ४ जून १९३८

सौ. सुभद्रा इले देवीदासकडून,

पाकीट हाती येताच तू अगुदर शिक्का पाहशीन. शिक्का ढाक्क्याकडचा हाये. मी मेलो नाही, साधू झालो नाही, अन् फौजेत बी गेलो नाही. सव्वा वर्स पत्र नाही, त्याले कारन काही नाही. ल्याले बसलो की उठत होतो.

चारुशीलाबाई, हे पत्र तुमीच तिले वाचून दाखवून राहिल्या असान, म्हनून तुमाले अन् मास्तराले नमस्कार. माही शाळा तिसरीपर्यंतची, ते बी अर्धी. शुद्ध-अशुद्ध तुमी पाहून घ्या.

मी इथं तागाच्या प्रेसवर लागलो. आपल्या दर्यापूरच्या प्रेसमंधी रुईची गठान बांधतात तशी इथं तागाची. खोली टिनाची हाये, नदीच्या काठावर. चूल मांडता येईन. तू निघून ये.

कसं येजो ते लिहितो. मोर्शीवरून मोटारीनं अमरावती. मोटारीत मधात बसजो, पुढं पेट्रोलचा वास येते अन् मागं सारा धुरळा. अमरावतीवरून बडनेरा, तिथून कलकत्ता मेल. बायकांच्या डब्यात बसजो. नागपूर गेलं की मराठी बोलनारं कोनी भेटलं तं ठीक, नाही तं गप राहजो. हावडा म्हनजे शेवटचं टेसन, गाडीच पुढं जात नाही, म्हनून चुकाचं काम नाही. बाहीर निघाली की मोठी नदी. तिच्यावरचा पूल पान्यावर तरंगते. जहाज आलं की तो मधातून उघडतात अन् सारी दुनिया दोन्हीकडे उभी राहते. तसं झालं तं भेवू नोको, गाठोड्यावर बसून घेजो. पलीकडून घोडागाडीनं सियालदा टेसन. मानूस ओढते त्या गाडीत बसू नोको. मी बसलो होतो, अन् अर्ध्या वाटंत उतरून त्याच्यासंग पायी चाललो.

सियालद्यावरून रातची गाडी सकाउन गोवालंद घाटावर सोडते. तिथं रेल्वे संपते, जमीनच संपते. मंग आगबोट. दिवसभर पानी. दुपार कलली की नारायनगंज. मी घाटावर उभा राहीन.

मामाजीले, तुह्या बाबाले, माहा दंडवत. तुह्या दादाले, उत्तमरावाले, बी नमस्कार, जरा मोठ्यानं सांगजो म्हनजे आयकू जाईन. प्रेसवर जे झालं ते झालं. तो पेटीत रुई भरत होता, हँडलवर मी होतो. दार दाबायच्या अगुदर हँडलवाल्यानं 'हात काढा' म्हनून तीन हाका द्याच्या असतात. मी तीन देल्या. मॅनेजरच्या कागदावर तसं लेहेलं हाये. त्याच्या कानाले माहा इलाज नाही. म्हनून ते इथं काढत नाही.

पत्र पोचताच निघजो.

देवीदास


नारायनगंज
ता. २६ जून १९३८

सुभद्रा,

तुहं कार्ड आलं. बाईंचं अक्षर मोत्यासारखं हाये, पन ओळी दोनच. “घ्यायला कोण येणार, ते कळवावे. दादाला सर्व ऐकू येते.”

दुसरी ओळ कावून लेहेली ते मले समजलं नाही. येत असन आयकू. चांगलं हाये.

पहिलीचं उत्तर देतो. माहेरातून बाई सासरच्या मान्साबिगर निघत नाही, मूळ आल्याबिगर तिची पिशवी बी कोनी उचलत नाही, हे मले माहीत हाये. मी काही साहेब झालो नाही. पन मूळ धाडाची रीत कुठली? अंजनगाव ते मोर्शी, दमनी जुपली अन् मुक्कामाले पोचलो, त्या काळची. आता ताग निघाचे दिवस आले, प्रेस धा दिवसांत भरून जाईन, सुट्टी कोनी देत नाही. इथल्या बाया लेकरं घेऊन एकट्या आगबोटीनं जातात येतात. आगबोटीत खाली बायकांसाठी कनातीचा पडदा हाये. मी पाहून आलो.

पान्याचं भेव असन तं दुसरी वाट हाये. सियालद्यावरून गाडीनं सिराजगंज घाट, तिथं नदी पार कराची तेवढी बोट, मंग पलीकडून पुन्हा रेल्वे, मैमनसिंग करून ढाका, ढाक्क्यावरून इथं. दीड दिवस जास्त लागते, पन पाय जमिनीवर राहतात.

पहिल्या पत्रात एक चूक झाली. गोवालंदले गाडीतून उतरून समोर जाजो असं मी मनात धरलं होतं. तसं नोको करू. नदी काठ खाते, म्हनून घाट जागा बदलते. या हप्त्यात तो मैलभर सरकला म्हनतात. गर्दी जाईन तिकडे जाजो. गर्दी केवढी ते तुले सांगता येत नाही. अमरावतीचा भरला बाजार घे, तो हलून राहिला असं समज, अन् त्याले शेवट नाही असं समज.

माही फजिती सांगतो, म्हनजे तू तशी करनार नाही. मी पहिल्यांदा गोवालंदले आलो तवा बोटीले येळ हाये म्हनून झाडाखाली भाकर सोडून बसलो. भोंगा वाजला. मी म्हतलं वाजू दे. आपली लहान गाडी कशी, वावरातून हात केला की ड्रायव्हर थांबते, वरतून इचारते, ‘खुशालराव येत हायेत का मागून?’ तसाच मी दोन घास खाऊन उठलो, काठावर गेलो अन् हात वर केला. बोट मधात गेली होती. मी हात करूनच राहिलो. एक म्हातारा नावाडी बाजूले हुक्का ओढत होता. त्यानं लोकाले दाखवलं, पाहा, हा मानूस जहाज बलावून राहिला. सारा घाट हसला. दुसऱ्या दिवशी सकाउनच्या बोटीपर्यंत तिथंच पडलो.

तू नारायनगंजपर्यंत एकटी येऊ नोको. मी गोवालंदपर्यंत येतो. एवढी सुट्टी मागून घेईन.

देवीदास


नारायनगंज
ता. १९ जुलै १९३८

सुभद्रा,

किसनकाकाचं पत्र मिळालं. बापाच्या जागी चुलता, मूळ म्हनून त्याले धाडलं, आनखी काय कराचं? म्हातारा अंजनगाववरून मोर्शीपर्यंत धक्के खात आला. मामाजीनं पाट देल्ला, चहा देल्ला, जेवू घातलं, अन् रिकामा वापस केला. तो लिहिते की उत्तमराव त्याच्यासंग पंगतीले बसला होता, डाव्या हातानं जेवला. गावचे लोक त्याच्याशी मोठमोठ्यानं बोलतात म्हने, ‘बयरा उत्तम’ म्हनतात. अन् तू दाराआडून सांगतलं म्हने:

“ज्यानं नेलं होतं त्यानंच यावं. अन् वाट लिहून धाडून राहिले, मी काय गठान हाये, रेल्वेची बिल्टी फाडली की गेली?”

काकानं हे जसंच्या तसं लेहेलं. तू येईपर्यंत इथं माह्या खोलीत आनखी दोघे राहतात, त्याहीनं इचारलं पत्रात काय हाये, मी म्हतलं पीकपानी.

गठान नाही. पन वाट लेहेली ती कावून लेहेली? इथं फिराले म्हनून कोनी येत नाही. टेसनावर नवा मानूस दिसला की इचारतात, कोनाच्या घरी? कोनाच्याच नाही म्हतलं तं पोलिसासारखे पाहतात. मले कोनी एक अक्षर सांगतलं नव्हतं. प्रत्येक ठिकानी चुकलो, धक्के खाल्ले, तवा हे सारं माहीत झालं. ते तुले फुकट देऊन राहिलो, अन् तू बिल्टी म्हनते.

ठीक हाये. गोवालंद नाही, सियालदा. सियालद्यावर एकाच वेळी धा गाड्या लागतात, तुले तिथं सोडनं बरं नाही. नाही तं हावड्यालेच येतो. पुलाच्या या अंगाले, टेसनाच्या घड्याळाखाली. बडनेऱ्यात कोनी बसवून देल्लं की तू हावड्यालेच उतरते, मधात काहीच कराचं नाही. यापेक्षा सोपं कोनी करून देईन का?

मामाजीले समजावून सांग.

देवीदास


नारायनगंज
ता. ७ ऑगस्ट १९३८

सुभद्रा,

तुहं उत्तर नाही. दोन टपाल गेले.

पानी चढलं. गावागावाचं बेट झालं. एका घरून दुसऱ्या घरी डोंग्यानं जातात, बाजार नावेत भरते, नवरदेव नावेत, मुडदा बी नावेत. जिथं पानी नाही तिथं ताग, अन् जिथं ताग नाही तिथं मानसं. एकटं बसून रडाले बी इथं जागा नाही. मी रडून राहिलो असं नाही, गर्दी सांगतो.

सुट्टीच्या दिवशी मी खोलीत थांबत नाही. लाँचीनं मुन्शीगंजले जातो, नावेनं वापस येतो. रेल्वेनं ढाक्क्याले जातो, तिथं घोडागाडीत बसून चौकाचा फेरा मारतो, वापस येतो. आता इथं एक नवीनच निघालं, तीन चाकाची सायकल, मागं दोघाचं बाक. इथल्या प्रेसच्या साहेबानं कलकत्त्यावरून आनली. मी तिच्यात बी बसून आलो. काम कोनतंच नसते. परवा त्याच म्हाताऱ्या नावाड्यासारखा एक नावाडी भेटला. कुठं जायचं म्हने. पलीकडे, म्हतलं. पलीकडे कोन हाये तुहं? कोनी नाही. मंग तो म्हने, बस, अन् वल्हं माह्याच हाती देल्लं. निदान घाम तरी येऊ दे म्हने.

प्रेसवर माहं नाव पडलं. दार दाबायच्या अगुदर मी इतक्या हाका देतो की खालचे लोक चिडतात. चार, पाच, सहा. हात दिसेपर्यंत देतो, दिसले की पुन्हा देतो. मिस्त्री म्हने, अरे तू गठान बांधून राहिला का कोनाची बारात बलावून राहिला. दुसऱ्या प्रेसच्या चार गठानी निघतात तवा माह्या तीन. ते मले ‘हाकवाला’ म्हनतात. म्हनू द्या.

गेल्या सोमवारी एकाचा हात आत राहिला होता. मी पाचवी हाक देल्ली तवा निघाला. त्याले काही झालं नाही. तो हसला अन् पुन्हा कामाले लागला. मी हँडल सोडून नदीवर जाऊन बसलो. आजारी हाये म्हनून सांगतलं.

चारुशीलाबाई, एवढी ओळ तिले एकटीले सांगा. दर्यापूरले मी तीन हाका देल्या म्हतलं, ते बरोबर नाही. दोन देल्या असतीन.

हावड्याचं राहू दे. मी नागपूरले येतो. नागपूर काही परदेस नाही. अन् नागपूर बी दूर वाटत असन तं बडनेऱ्याले येतो, टेसनावर. मेल थांबते त्याच फलाटावर उभा राहतो. तुले फक्त मोर्शी ते बडनेरा यायचं, दोन घंट्याचं काम. उत्तमराव आनून सोडू शकतो. नाही, त्याले नोको. मामाजीले आनू दे.

देवीदास


नारायनगंज
ता. २ सप्टेंबर १९३८

सुभद्रा,

कार्ड मिळालं. बाई लिहितात, “ती म्हणते तेच शब्द लिहीत आहे, माझे काही नाही.” अन् खाली तुहे शब्द. मी ते इतके येळा वाचले की कार्डाचा कोपरा गेला.

“बडनेऱ्यापर्यंत येता तं मोर्शी तिथून किती दूर हाये, ते मले सांगा. तुमाले हिंदुस्थानातल्या साऱ्या गाड्या माहीत हायेत.”

मी सांगत नाही. तुले बी माहीत हाये, मले बी.

बाईंनी आपल्या मनानं पोळ्याचं लेहेलं. उत्तमरावानं बैल धुतले, शिंगं रंगवली, पन बाशिंगाची गाठ डाव्या हातानं बसेना, अन् त्यानं कोनाले हात लावू देल्ला नाही. साऱ्यांचे बैल तोरनाखाली उभे झाले तरी त्याचे गोठ्यातच होते. लोकाहीनं दारातून बोंबलून बलावलं, बयऱ्याले बलावतात तसं. तो घरातून म्हने, “आयकू आलं. येतो.” मंग तू जाऊन गाठ मारली.

मी साहेबाले सुट्टी मागतली. तो म्हने, तागाच्या भर हंगामात सुट्टी नाही, जायचं तं जा, वापस येशीन तवा जागा असन नसन. मी म्हतलं ठीक. खोलीतले दोघे म्हने, लगन हाये का? म्हतलं, नाही. कोनी मेलं का? नाही. मंग कावून जाऊन राहिला? मी गाठोडं बांधाले लागलो.

उद्याची बोट.

देवीदास


अमरावती, मोर्शीच्या मोटारी सुटतात तिथं
ता. ७ सप्टेंबर १९३८

उत्तमराव,

हे पत्र तुमाले हाये. आपुन दोघं प्रेसवर होतो तवा मी तुमाले उत्तम्या म्हनत होतो अन् तुमी मले देवा. तुमच्या बहिनीसंग लगन झालं तवापासून रीतीनं ‘राव’ लावाले लागलो, तरी कामावर इसरत होतो. आज ‘राव’च लिहितो.

मी सकाउनपासून इथं बसलो. मोर्शीच्या दोन मोटारी गेल्या. दुसरीत मी गाठोडं ठेवलं होतं, पुन्हा उतरवून घेतलं. मोटारवाला म्हने, भाऊ, सासुरवाडीले चालला वाटते. मी हो म्हतलं, तं सारे हसले.

बंगाल्यातून बडनेऱ्यापर्यंत कुठं अडलो नाही. पूल उघडला होता तं नावेनं पार झालो. इथं अडलो.

मोटारीत बसाच्या अगुदर लिहून काढतो, कारन तोंडानं मी आजपर्यंत खोटंच बोललो.

त्या दिवशी शनवार होता. अकोल्याले बोलपट लागला होता, अन् मले लहान गाडीनं मूर्तिजापूर अन् तिथून अकोला गाठाचं होतं. तुमाले सांगतलं नव्हतं, कारन तुमी म्हतलं असतं, सुभद्रेले बी घेऊन जा. मले एकट्याले जायचं होतं. मले नेहमी कुठं तरी जायचंच असते. शेवटची गठान होती. खिडकीतून गाडीचा धूर दिसला, अंजनगावच्या अंगाले. मी धुराकडे पाहून ‘हात काढा’ म्हतलं, अन् म्हनतानाच हँडल ओढलं.

एक. तीन नाही, अन् सुभद्रेले दोन लेहेलं ते बी खोटं. एकच, अन् ते बी तुमच्याकडे तोंड नव्हतं. ते कोनाले बी आयकू आलं नसतं.

मंग मॅनेजर आला. त्यानं इचारलं, हाका देल्या का. मी म्हतलं, तीन. पेटीवरचे बाकीचे दोघे मजूर रुई आनाले बाहीर गेले होते, तरी ते बी म्हने, हो, तीन. ते माह्यासाठी म्हने. तुमाले दवाखान्यात इचारलं. तुमाले ताप होता, चार बोटं गेली होती. तुमी म्हतलं, “देवा म्हनते तं देल्या असतीन. मलेच आयकू नसतीन आल्या.” मी खाटंच्या पायाशी उभा होतो. मॅनेजरनं तेच लिहून घेतलं. त्या कागदानं तुमी बयरे झाले. दुसऱ्या प्रेसनं तुमाले घेतलं नाही ते त्या कागदानं. हात अर्धा असला तरी तुमाले मोजनीवर घेतलं असतं, पन बयऱ्याले प्रेसवर कोनी घेत नाही.

तुमाले माह्या शब्दावर इतका भरोसा होता की तुमी आपल्या कानावर शंका घेतली. तुमी गठानीवर मुंगी चालली तरी आयकत होते.

मी पळालो ते हात गेला म्हनून नाही. हात जातात, प्रेसवर सारे हे जानतात. तुमच्या त्या बोलन्यानं पळालो. तुमी शिवी देल्ली असती तं मी थांबलो असतो.

सुभद्रेले हे कोनी सांगतलं नाही, तरी तिले समजलं. तिनं मले वाटंनं वाटंनं ओढत आनलं, एकदा बी असं म्हतलं नाही की तुमी खोटं बोलले.

आता हे पत्र मी मोटारवाल्याच्या हाती देत नाही अन् पेटीत टाकत नाही. संग आनतो. मोर्शीत उतरलो की सरळ घरी येत नाही. अगुदर देवळाच्या पारावर जातो, तिथं सांजी मानसं बसतात. तुमाले निरोप धाडतो. तुमी या. मी हे उभं राहून वाचतो, सारे आयकतीन असं. ज्याहीनं तुमाले बयरा म्हतलं ते समोर पाह्यजेत. मधात कोनी थांबवलं तरी मी थांबनार नाही. मंग दर्यापूरले जातो अन् मॅनेजरले बी हेच वाचून दाखवतो. तो मानन की नाही माहीत नाही, पन माही सही त्याच्या पहिल्या कागदावर हाये, दुसरी बी घ्या म्हनतो.

सुभद्रेले मी मूळ म्हनून आलो असं समजू नोका. ते मंगचं. तुमी उंबऱ्यात घेतलं तं मी तिले तोंड दाखवीन. नाही घेतलं तं पारावरूनच वापस जाईन, अन् पुन्हा वाट लिहून धाडनार नाही.

तिसरी मोटार लागली. गाठोडं वर चढवलं, दोरी बांधली, ते आता मोर्शीशिवाय निघत नाही. मोटारवाला बलावून राहिला. एकदाच हाक मारली त्यानं, मले आयकू आली.

बाकी तोंडी.

देवीदास